'जडत्व' : एका शब्दाचा अर्थपालट

एसटीने अचानक ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे झुकतो. त्याला कोणी ढकललेले नसते. पाय गाडीबरोबर थांबतात, उरलेला देह आपली गती सोडत नाही. या गुणधर्माला आपण 'जडत्व' म्हणतो. त्याचे लॅटिन नाव 'इनर्शिया', म्हणजे मुळात आळस. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात केप्लरने हा शब्द वापरला तो याच अर्थाने : पदार्थाचा ओढा स्थिर राहण्याकडे असतो. चालवणारा थांबला की गतीही थांबते, हा ॲरिस्टॉटलचा संस्कार त्यामागे होता. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या 'संवादा'त त्याला छेद दिला. जहाज संथपणे चालले असेल, तर बंद खोलीतल्या माणसाला ते चालते की उभे आहे, हे कळत नाही. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया'त शब्द जुनाच ठेवला. अर्थ मात्र पालटला. स्थिरता आणि सरळ रेषेतील एकसमान गती यांचा दर्जा एकच ठरला. कारण शोधायचे ते बदलाचे. मराठी 'जड' अजूनही वजन आणि अचेतनता सुचवतो. वास्तविक जडत्व पिसालाही असते, उडत्या पाखरालाही. म्हणून पारिभाषिक शब्दांच्या व्याख्यांइतकाच त्यांचा इतिहासही शिकवला जावा, असे आम्हांस वाटते.