तुटक रेषेचे प्रमाण : संगणकीय आरेखनाच्या इतिहासातील एक प्रश्न

अभियांत्रिकी आरेखनात रेषेचा अर्थ तिच्या घडणीवर अवलंबून असतो. अखंड रेषा दृश्य कड दर्शविते, आखूड खंडांची तुटक रेषा झाकलेली कड सुचविते, तर लांब व आखूड खंड आळीपाळीने आले म्हणजे ती मध्यरेषा समजावयाची. भाषेतील दोन वर्णांचा भेद कानाला जाणवला पाहिजे, तसा हा भेद डोळ्याला जाणवला पाहिजे. शाईने काम करणाऱ्या आरेखकास ह्याची निराळी काळजी नव्हती. इमारत शंभरपट लहान करून काढली, तरी रेषेचा खंड तो कागदावरच मोजीत असे.

आयव्हन सदरलंड ह्यांचे 'स्केचपॅड' 1963 साली पुढे आले आणि 1982 च्या डिसेंबरात 'ऑटोकॅड' विक्रीस आले. पुढे वस्तू तिच्या खऱ्या मापाने नोंदवावी व लहान करण्याचे काम छपाईवर सोपवावे, ही रीत रूढ झाली. मात्र त्यामुळे रेषेचा खंडही वस्तूबरोबर आकसू लागला. 'ऑटोकॅड'च्या मेट्रिक संचिकेत झाकलेल्या कडेचा खंड 6.35 मिलिमीटर व त्यानंतरची मोकळी जागा 3.175 मिलिमीटर आहे. 1:100 प्रमाणात तो खंड 0.0635 मिलिमीटर होतो. रेषेची जाडीच त्याहून अधिक! अशी रेषा अखंड भासते आणि आतली कड बाहेरची म्हणून वाचली जाते.

ह्यावर 'एलटीस्केल' हा गुणक योजिला गेला. त्याची किंमत 100 केली की खंड कागदावर पूर्ववत उमटतो. परंतु हा गुणक सबंध आरेखनास एकच. त्याच कागदावर 1:10 प्रमाणात एखादा तपशील असल्यास तेथील खंड 63.5 मिलिमीटरांचा होतो. आणि रचनेचे एक आवर्तनही ज्या रेषेत मावत नाही, ती हा कार्यक्रम अखंडच काढतो. म्हणजे गुणक फार लहान असो वा फार मोठा, दिसणारा दोष एकच. नवशिके गुणक भलत्याच दिशेने फिरवीत बसतात, ते ह्यामुळेच.

1990 च्या अकराव्या आवृत्तीत कागदाचा स्वतंत्र अवकाश आला. त्याच्या जोडीचे 'पीएसएलटीस्केल' चालू ठेवून मूळ गुणक 1 केला, म्हणजे प्रत्येक चौकटीचे प्रमाण काहीही असले तरी खंड कागदाच्या मापाने मोजला जातो. वस्तुतः जुन्या आरेखकाचीच ही रीत! 1994 च्या तेराव्या आवृत्तीने प्रत्येक रेषेस 'सीईएलटीस्केल' हा स्वतःचा गुणक दिला. दोन्ही गुणकांचा गुणाकार हे त्या रेषेचे अंतिम प्रमाण. ही सोय दुधारी ठरली. एका आरेखकाने एका रेषेपुरती केलेली दुरुस्ती दुसऱ्यास सहजी दिसत नाही.

इंच-संचिकेत त्याच कडेचा खंड .25 असा नोंदलेला असतो, आणि संख्येपुढे एकक नसते. ती रचना मिलिमीटरांच्या आरेखनात आणली की पाव इंचाचा पाव मिलिमीटर होतो. मग गुणकास आणखी 25.4 ने गुणावे लागते, किंवा योग्य संचिकेतून रेषा पुन्हा घ्यावी लागते. दुसरा मार्गच बरा.