सीडी प्लेअर : बिघाड व दुरुस्ती

तबकडीवर अंकीय स्वरूपात नोंदलेला ध्वनी लेसर किरणाने वाचून ऐकविणाऱ्या घरगुती यंत्रातील नेहमीचे दोष व त्यांवरील उपाय. फिलिप्स व सोनी यांनी मिळून ठरविलेल्या मानकानुसार बनलेला पहिला प्लेअर सोनीने ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आणला.

वाचन : तबकडी १२ सेंमी. व्यासाची असून तिच्यावरील सर्पिल रेषेच्या लगतच्या वेढ्यांत अवघे १.६ मायक्रोमीटर अंतर असते. वाचन आतून बाहेर होते व रेषेचा वेग स्थिर राखण्यासाठी फेरे मिनिटाला सुमारे ५०० वरून २०० पर्यंत उतरतात. अगदी आतल्या भागात गाण्यांची सूची असते; ती वाचता आली नाही, तर तबकडी आत असूनही पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते.

भिंग व लेसर : बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. तारेच्या वेटोळ्यांवर अधांतरी तोललेले हे भिंग धूळ, स्वयंपाकघरातील तेलकट वाफ किंवा सिगारेटचा धूर यांनी मंद झाले, की प्रथम फिकट परावर्तनाच्या, म्हणजे घरी नोंदलेल्या तबकड्या अडू लागतात आणि छापील तबकड्या बऱ्याच काळानंतर. आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने, दाब न देता भिंग पुसावे. ब्रश लावलेल्या सफाई-तबकड्यांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. लेसरची शक्ती वाढविण्यासाठी बारीक स्क्रू फिरविण्याची चाल कारागिरांत आढळते. तिने यंत्र काही दिवस चालते, परंतु डायोडचे उरलेले आयुष्य घटते. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असल्याने उघड्या यंत्रात डोकावू नये. डीव्हीडी प्लेअरमध्ये ६५० नॅनोमीटरचा किरणही लागतो. म्हणून एकाच प्रकारच्या तबकड्या चालत असतील, तर दुसऱ्या प्रकारचा डायोड क्षीण झाल्याचा संशय घ्यावा.

यांत्रिक भाग : ट्रे अर्धवट उघडून परत जाणे हे बहुधा सैल झालेल्या रबरी पट्ट्याचे लक्षण असून पट्टा स्वस्त असतो. गाणे ठरावीक जागी अडकत असेल, तर तीच तबकडी दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. वेगवेगळ्या तबकड्या शेवटाकडे अडत असतील, तर भिंग सरकविणाऱ्या दांडीवरील वंगण सुकलेले असू शकते. दमट हवेत भिंगावर साचलेले बाष्प यंत्र तासभर चालू ठेवल्यास उडून जाते.

तबकडी : चुकीदुरुस्तीच्या सांकेतिक पद्धतीमुळे रेषेवरील सुमारे २.५ मिमी. लांबीची सलग खोट भरून निघते. ओरखडा मात्र रेषेच्या दिशेने गेल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे. छापील बाजूचा ओरखडा अधिक घातक, कारण ॲल्युमिनियमचा परावर्तक थर त्या बाजूस पातळ लाखेखालीच असतो आणि तो निघाला, की कोणताही उपाय चालत नाही.

ध्वनिवर्धक : एका बाजूचा आवाज गेल्यास आधी जोडतारा अदलाबदल करून पाहाव्यात.