दुचेनंतर कोण? : फॅसिस्ट इटलीतील वारसाचा प्रश्न

फॅसिस्ट इटलीचा ‘दुचे’, म्हणजे नेता, बेनितो मुसोलिनी दुसऱ्या महायुद्धात उतरलाच नसता आणि म्हातारपणी अंथरुणावर मेला असता, तर त्याच्या राजवटीचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न वरवर कल्पनाविलासाचा वाटला तरी त्याचे निम्मे उत्तर त्या राजवटीच्या कायद्यांतच सापडते. डिसेंबर 1928च्या कायद्याने फॅसिस्ट महापरिषदेला, म्हणजे तोवर केवळ पक्षाचे असलेल्या ज्येष्ठ नेत्यांच्या मंडळाला, राज्यघटनेत स्थान दिले आणि सरकारप्रमुखाचे पद रिकामे झाल्यास राजापुढे ठेवायच्या नावांची यादी तयार ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपवले. मात्र त्या यादीसाठी नावे सुचवायची ती मुसोलिनीनेच, आणि नेमणूक करायची ती राजाने, अशी तरतूद असल्यामुळे वारसाची निवड प्रत्यक्षात या दोघांच्याच हाती राहिली.

सार्डिनियाच्या राजाने 1848 मध्ये दिलेली सनद, जिच्यानुसार मंत्र्यांना नेमण्याचा व काढण्याचा आणि सैन्याच्या सर्वोच्च नेतृत्वाचा अधिकार राजाचा होता, फॅसिस्टांनी पोखरली खरी, पण रद्द कधीच केली नाही. उलट 1928च्या त्याच कायद्याने राजगादीच्या वारसाबाबतही महापरिषदेचे मत घेणे आवश्यक ठरवले, तर 1938 मध्ये ‘साम्राज्याचा प्रथम मार्शल’ हा नवा लष्करी किताब राजाला आणि मुसोलिनीला एकाच वेळी देण्यात आला, आणि एका म्यानात दोन तलवारी कोंबण्याचा हा प्रकार तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलच्या जिव्हारी लागला. तथापि हा राजा स्वतःहून तलवार उपसणाऱ्यांपैकी नव्हता. ऑक्टोबर 1922 मध्ये रोमवर चालून येणाऱ्या फॅसिस्टांविरुद्धच्या आणीबाणीच्या हुकुमावर सही करण्याचे त्याने नाकारले, आणि 1924 मध्ये समाजवादी खासदार माट्टेओट्टी यांच्या खुनानंतर सारा देश त्याच्याकडे पाहत असतानाही तो गप्प बसला.

जुलै 1943 मध्ये, मित्रराष्ट्रांचे सैन्य सिसिलीत उतरल्यावर, तो हलला. 24 तारखेला सुरू होऊन रात्रभर चाललेल्या महापरिषदेच्या बैठकीत फॅसिस्ट नेते दिनो ग्रांदी यांचा मुसोलिनीविरोधी ठराव 19 विरुद्ध 7 मतांनी मंजूर झाला, म्हणजे ज्या परिषदेने उत्तराधिकाऱ्यांची यादी करायची तिनेच विद्यमान अधिकाऱ्याचा पाय ओढला. पण मुसोलिनीला अटक करून मार्शल बादोल्यो यांना सरकारप्रमुख नेमले ते राजाने, आणि ज्या फॅसिस्ट मिलिशियाने, म्हणजे पक्षाच्या सशस्त्र दलाने, धावून यायचे ती जागची हललीसुद्धा नाही. लाखो सभासदांचा पक्ष काही दिवसांत बरखास्त झाला. युद्धातील पराभवाने हे सोपे केले हे खरे, परंतु किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या, ते पराभवाने ठरलेले नव्हते.

मुसोलिनी 1883चा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्याइतके, म्हणजे 82 वर्षांचे आयुष्य त्याला लाभते, तर 1965 उजाडले असते. राजा त्याच्याहून 14 वर्षांनी मोठा असल्यामुळे तोवर गादीवर बहुधा 1904 मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा उंबेर्तो असता, ग्रांदी सत्तरीला टेकले असते आणि जावई चानो साठीत असता; 1940 मध्ये तोब्रुकवर इटालियन तोफांच्याच माऱ्यात गेलेला लोकप्रिय फॅसिस्ट नेता इतालो बाल्बोही युद्धाविना कदाचित हयात असता. यांपैकी कोणालाही मुसोलिनीने जाहीरपणे वारस म्हणून पुढे केले नव्हते.

हुकूमशहा गेल्यावर अशा राजवटींचे काय होते, हे इतरत्र दिसले. पोर्तुगालमध्ये 1968 साली हुकूमशहा सालाझार आजाराने निकामी झाल्यावर त्यांच्या जागी कायतानो आले आणि ती राजवट आणखी सहा वर्षे रेटली गेली. गोवा डिसेंबर 1961 मध्येच हातचा गेला होता, तो भारताचा असल्याचे मान्य करायला मात्र लिस्बनला 1974ची क्रांती व्हावी लागली, आणि ती क्रांती घडवली आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी. इटलीच्या गळ्यातही इथिओपिया होताच, जिथे 1936च्या विजयानंतरही प्रतिकार थांबला नव्हता. स्पेनचा मार्ग, म्हणजे राजाने हुकूमशाहीच्या चौकटीतूनच लोकशाही आणण्याचा, उंबेर्तोला कागदोपत्री अधिक सोपा होता, कारण त्याची गादी स्पेनचा राजा हुआन कार्लोस याच्याप्रमाणे हुकूमशहाच्या मर्जीने मिळालेली नसती. अडचण वेगळीच होती: मुसोलिनीला सत्तेवर बसवले ते त्याच्याच बापाने, आणि मोकळ्या निवडणुका आल्या की 1922च्या त्या नाकारलेल्या सहीचाही हिशेब मागितला जाणारच होता. प्रत्यक्षातही 2 जून 1946च्या सार्वमतात इटलीने सुमारे 54 टक्के मतांनी प्रजासत्ताक निवडले, आणि जेमतेम महिनाभर राजा राहिलेला उंबेर्तो पोर्तुगालला, सालाझारच्या आश्रयाला निघून गेला.