ॲव्हरेज मोजताना एसी कुठे गेला?

गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ शोरूममध्ये उत्तरही ठरलेलं, ‘एआरएआयचं इतकं इतकं.’ एआरएआय म्हणजे पुण्याची वाहन-चाचणी संस्था. मग गाडी घरी येते, मे महिना येतो, एसी लागतो आणि तो आकडा काही केल्या जुळत नाही. आपण कंपनीला शिव्या देतो. पण बहुतेक वेळा खोटं कुणीच बोललेलं नसतं. आपल्याकडची ही चाचणी वर्षानुवर्षं एसी बंद ठेवूनच होत आली आहे.

‘एसीमुळे इंधन किती टक्के जास्त जातं?’ हा प्रश्न घेऊन तुम्ही लायब्ररीत गेलात तर डझनभर वेगवेगळी उत्तरं मिळतील. त्यातलं बरोबर कोणतं हे शोधण्याआधी एक बघा: टक्के कशाचे? आणि तुलना ज्या मूळ आकड्याशी केली, तो कुणी, कशासाठी मोजला होता? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेत सगळ्यात स्पष्ट दिसतो, म्हणून आज तिथलंच सांगतो.

आधी टक्केवारीचं. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावरून इंजिनावर चालतो. तो इंधन खातो ते तासाच्या हिशेबाने, किलोमीटरच्या नाही. समजा, तो तासाला अर्धा लिटर खातो (आकडा फक्त उदाहरणाचा). ताशी ६० ने जाताना १०० किलोमीटरमागे साधारण ०.८ लिटर जास्त लागेल. ट्रॅफिकमध्ये ताशी १५ ने सरकताना तेच ३.३ लिटर होतं. म्हणजे हायवेला २० देणारी गाडी १७ वर येईल, आणि शहरात १२ देणारी साडेआठवर. एसी तोच, गाडी तीच. त्यामुळे ‘एसीने इतके टक्के’ असं एकच वाक्य कुठे दिसलं, की आधी वेग कोणता होता ते शोधायचं.

आता इतिहासाकडे. कारखान्यातूनच एसी बसवून येणारी पहिली गाडी म्हणजे पॅकार्डचं १९४० चं मॉडेल. एसीची जादा किंमत २७४ डॉलर. थंड हवेचं यंत्र मागे डिकीत. आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता! इंजिन चालू तोपर्यंत कॉम्प्रेसर चालू. थंडीच्या दिवसांत तो बंद ठेवायचा तर बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवायचा. हा प्रकार दोनेक वर्षांत बंद पडला. पुढे १९५३-५४ पासून क्रायसलर, जनरल मोटर्स, नॅश यांनी एसी पुन्हा आणला आणि १९६० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त नव्या गाड्यांत तो होता.

हे लक्षात ठेवा, कारण नेमकं याच सुमारास चाचणी जन्माला येत होती. पण ती इंधनासाठी नव्हती, धुरासाठी होती. लॉस एंजेलिसमधल्या धुरक्याने लोक हैराण झाले होते. तिथल्या लोकांच्या रोजच्या कामावर जाण्याच्या प्रवासावरून एक ठरावीक क्रम बेतला गेला: १३७२ सेकंद, साडेसात मैल, सरासरी वेग ताशी जेमतेम ३१-३२ किलोमीटर. गाडी रोलरवर चढवायची, त्या क्रमाने चालवायची, नळीतून निघणारा वायू पिशव्यांत गोळा करायचा. खोलीचं तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारला इंधनाचा आकडा हवा झाला, तेव्हा वायूंच्या याच चाचणीतून (जोडीला हायवेचा एक क्रम घेऊन) तो काढला गेला. सोपं होतं. नळीतून किती कार्बन बाहेर पडला ते कळलं, की किती पेट्रोल जळलं तेही कळतं.

आणि एसी? तो अगदीच विसरले नव्हते. नियम असा: एखाद्या मॉडेलच्या ३३ टक्क्यांहून जास्त गाड्यांना एसी बसणार असेल, तर रोलरचा विरोध १० टक्क्यांनी वाढवायचा. प्रत्यक्ष एसी मात्र बंदच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही तडजोड ठीक वाटली होती. मग वरचं ट्रॅफिकचं गणित आठवलं. रोलरचा विरोध म्हणजे मुख्यतः हवेचा आणि टायरचा विरोध, आणि तो वेगाबरोबर वाढतो. कमी वेगात तो थोडासाच, सिग्नलला उभ्या गाडीला शून्य. शून्याचे १० टक्के शून्यच. एसी नेमका जिथे सगळ्यात जास्त खातो, तिथेच त्याच्या जागी बसवलेला हा भार जवळजवळ नाहीसा होतो. संशोधनात आपण ज्याला प्रॉक्सी म्हणतो त्याची फसगत बहुधा अशीच असते. सरासरीत जमून जातं, पण ज्या टोकाशी आपल्याला काम आहे तिथे उलटं दाखवतं.

लोकांच्या तक्रारी वाढल्यावर १९८५ च्या मॉडेलपासून लेबलवरचे आकडे सरसकट खाली आणले: शहराचा १० टक्के, हायवेचा २२ टक्के. त्यात एसी, थंडी, जास्त वेग सगळं एकत्र. कशाचा वाटा किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

बंद एसीच्या चाचणीत आणखी काय लपू शकतं, हे १९९५ मध्ये बाहेर आलं. १९९१ ते १९९५ च्या काही कॅडिलॅक गाड्यांत, ४.९ लिटर इंजिनच्या, एसी चालू केला की इंजिन बंद पडायचं. जनरल मोटर्सने उपाय म्हणून कंट्रोल चिप बदलली. एसी चालू झाला की चिप मिश्रणात पेट्रोल वाढवायची. इंजिन बंद पडणं थांबलं, पण कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या तिपटीपर्यंत गेला. चाचणीत एसी बंद, त्यामुळे तिथे गाडी स्वच्छ. कंपनीचं म्हणणं, हा नियमांच्या अर्थाबद्दलचा मतभेद आहे. सरकारने ऐकलं नाही. सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या, १.१ कोटी डॉलर दंड, आणि गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा खर्च वेगळा.

१९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीने चाचणी प्रत्यक्ष वापराच्या जवळ आणायला आधीच सांगितलं होतं. १९९६ मध्ये नवे क्रम ठरले. त्यातला एक एसीचा, नाव एससी०३: ३५ अंश तापमान, ४० टक्के आर्द्रता, डोक्यावर दिवे लावून दर चौरस मीटरला ८५० वॅटचं खोटं ऊन, आणि एसी खरोखर चालू. पण हेही धुरासाठी! इंधनाच्या लेबलमध्ये ही चाचणी यायला २००८ चं मॉडेल उजाडलं. कडाक्याच्या थंडीची आणि वेगवान चालवण्याची चाचणीही तेव्हाच आली. शहराचे आकडे सरासरी १२ टक्के घसरले, हायवेचे ८.

हायब्रिडला फटका जास्त बसला. टोयोटा प्रियसचं शहरातलं ॲव्हरेज २००७ च्या लेबलवर ६० मैल प्रति गॅलन होतं, २००८ च्या लेबलवर ४८. गाडी तीच. मुळातच कमी पिणाऱ्या गाडीला एसीचा तोच घोट मोठा वाटतो, आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवून वाचवलेलं पेट्रोल एसीसाठी इंजिन चालू राहिलं की हातचं जातं.

म्हणून तुम्ही २००० ते २०१५ चा आलेख काढत असाल, तर २००८ ची ती पायरी तंत्रज्ञानाची समजू नका. शिवाय अमेरिकेत कंपन्यांना जे सरासरी मायलेज पाळावं लागतं, ते १९७५ च्या कायद्यामुळे जुन्याच, एसी बंद असलेल्या चाचणीवर मोजत राहिले. एकाच गाडीचे दोन सरकारी आकडे, दोन्ही खरे. त्यात भर म्हणजे सरकारी संकेतस्थळावर जुन्या गाड्यांचे आकडे नंतर नव्या पद्धतीत बदलून टाकले आहेत. २००७ ची प्रियस तिथे आज उघडलीत तर शहराचा आकडा ४८ दिसेल, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत ६०. तुमच्या तक्त्यात त्या ओळीसमोर कोणता आकडा लिहिलाय, ते एकदा बघून घ्या.