बोर्डोचा हिशोब

पावसाळ्यात तासगावकडच्या एखाद्या द्राक्षबागेत शिरलात तर पानं निळसर-पांढरी दिसतील, ड्रमावर निळे ओघळ, फवारणाऱ्याच्या बनियनवर निळे डाग. हे बोर्डो. लहानपणी मामाकडे सुट्टीला गेलो की मला वाटायचं, बोर्डो ही औषधाची कंपनी असणार. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते फ्रान्समधलं शहर आहे!

गोष्ट अशी. फ्रान्समधल्या वेलींची मुळं फायलोक्सेरा नावाची कीड खात होती, म्हणून अमेरिकेतून वेली आणल्या. त्यांच्याबरोबर १८७८ च्या सुमारास डाऊनी आला (पुस्तकात केवडा, बागाईतदार डाऊनीच म्हणतात). १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागात हिंडत होते. मळ्यांची पानं गळालेली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार. का? तर येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोरासाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला! रसायनज्ञ गेयाँ यांना सोबत घेऊन मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले.

तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. पुढे साताऱ्याच्या दाभोळकर घराण्यातले श्री. अ. दाभोळकर (नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू) यांनी प्रयोग परिवारातून इथल्या शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला, नोंदी ठेवायला शिकवलं. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश ही जात निवडून काढली. बिनबियांचं द्राक्ष आलं, पैसा आला. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची पालवी ऐन पावसाळ्यात उभी असते, आणि डाऊनीला तेच हवं असतं. मग बोर्डो.

आता जरा हिशोब करू (सवय आहे, काय करणार). १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. त्यात तांबं साधारण पाव हिस्सा. एकरी ४०० लिटर धरले तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन अंदाजे ९ लाख किलो. सगळं मातीत उतरलं तर एका फवारणीला १ पीपीएमच्या थोडं वर. वर्षाला तीन फवारण्या, तीस वर्षं... शंभराच्या घरात! फवारण्या बागेगणिक कमीजास्त, आणि छाटलेल्या काड्यांबरोबर थोडं बाहेरही जातं. तरी तुलनेसाठी सांगतो, युरोपने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं ही मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४. माझ्या हिशोबात आपलं साडेसात होतं.

आपण युरोपला घाबरलो, पण ते घडासाठी. २००३ मध्ये मेथोमिलचे अंश सापडले, २०१० मध्ये क्लोरमेक्वाटमुळे कंटेनर अडकले. सगळ्यांना धडकी भरली, प्रयोगशाळा वाढल्या, नोंदवह्या आल्या. चांगलंच झालं. पण तपासले जात होते ते द्राक्षाचे मणी. मण्यावरचं सेंद्रिय रसायन दिवसागणिक विघटन पावतं. तांबं मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होणार कसं?

आणि माती तपासतो तेव्हा? फेब्रुवारी २०१५ पासूनच्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यात तांबंही आहे. पण सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून! प्रश्न एवढाच की कमी आहे का. डीटीपीए पद्धतीत ०.२ पीपीएमच्या वर गेलं की पुरेसं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये खालची मर्यादा लिहिली, वरची लिहायची राहिली. ०.३ आला काय आणि ३० आला काय, शेरा तोच.

त्यात आपली काळी माती बेसाल्टची, मुळातच तांबं बऱ्यापैकी असलेली, आणि चुनखडीची. ती तांबं घट्ट धरून ठेवते, त्यामुळे वेल तक्रार करत नाही. गांडुळं मात्र तांबं वाढलेली माती टाळतात. म्हणजे नुसता एक आकडा बघून निसर्गाचं किती आणि बोर्डोचं किती ते कळणार नाही. दोन नमुने हवेत, एक वेलीखालचा, एक त्याच जमिनीतला पण कधी न फवारलेला, आणि दोन्हींचं एकूण तांबं काढायचं.

हे मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वेलीखालची घेतो, पण बांधावरची कशाला रे? तिथं कुठं बोर्डो मारतोय आपण?"

म्हटलं, म्हणूनच.