कावेरीकाठची मराठी

मार्गळी महिना लागला की चेन्नईतील संगीत-नृत्य सभा गजबजू लागतात. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत क्रमाने उलगडणारे भरतनाट्यम् पाहताना, हा क्रम तंजावरच्या भोसले दरबाराच्या आश्रयाने घडला, याची आठवण फार थोड्यांना असते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू दुसऱ्या सरफोजी राजांच्या पदरी होते. त्यांच्याच परंपरेतील पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल नृत्य शिकल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी चेन्नईत ‘कलाक्षेत्र’ उभारले.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात आपली सत्ता स्थापिली. त्यांच्यामागून गेलेल्या मराठी कुटुंबांना सह्याद्रीच्या जागी कावेरीचे खोरे लाभले. भात, नारळ, चिंच आणि फणस यांची ती भूमी. फणसाच्या लाकडाचीच तेथे वीणा होते आणि त्याच लाकडाच्या फळीवर सोन्याच्या वर्खाची तंजावरी चित्रे काढली जातात. या मातीतून जे मिळाले ते मराठी माणसाने आपलेसे केले आणि आपल्याजवळचे तिला दिले.

स्वयंपाकघर याची साक्ष देते. उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी तमिळ घरांत आजही याच नावाने होते. चेन्नईच्या मिठाईच्या दुकानांत पुरणाची पोळी ‘पोळी’ म्हणूनच मागितली जाते. आमसुलाऐवजी चिंच घालून सांबार तंजावरच्या राजवाड्यात जन्मले, ही कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. ती आख्यायिकाच समजावी. मात्र सरफोजींच्या काळातील मराठी पाकशास्त्र सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे, हा पुरावा पक्का आहे.

रंगभूमीचे तसेच. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ मध्ये झाले. त्याच्या कितीतरी आधी तंजावरचे शहाजी राजे मराठीत नाटके लिहीत होते. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’त तमिळ लोकनाट्यातील भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल वदवला, तोही मराठीत. पुढे एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकारांची साकी, दिंडी आणि ओवी तंजावर कृष्ण भागवतारांनी तमिळ हरिकथेत रुजवली. ती हरिकथा चेन्नईच्या सभांमध्येही रंगली.

सरफोजींचे कुतूहल कलांपाशी थांबले नाही. तरुणपणी काही काळ मद्रासेत शिक्षण घेतलेल्या या राजाने वनस्पतींची आणि पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली आणि धन्वंतरी महालात औषधी सिद्ध करविल्या. १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. १८०६ मध्ये इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरात छापला गेला. पुण्यात पेशवाई अजून नांदत होती, तेव्हा तमिळ देशात मराठी मुलांच्या हाती छापील पुस्तक पडत होते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रहीन वारले आणि राज्य संपले. दरबार गेला, तशी सुशिक्षित मराठी कुटुंबे नोकरी आणि वकिलीसाठी मद्रासेकडे वळली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाण राहिलेले, कुंभकोणम्‌चे सर टी. माधवराव यांनी अखेरचा काळ मद्रासेतच घालवला. १९१२ मध्ये या समाजातील विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी मराठा एज्युकेशन फंड स्थापन झाला.

या नव्या संसारात बोली टिकली. जुने शब्द राखलेली, तमिळ हेल असलेली ‘दक्षिणी मराठी’ चेन्नईच्या अनेक घरांत अजून ऐकू येते. पण शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाल्याने लिपी मागे पडली. मोडी तर गेलीच. अनेकांना देवनागरीही परकी झाली. पूर्वजांचे कागद आणि पाककृती तंजावरात सुरक्षित आहेत. मात्र घरात मराठी बोलणाऱ्या कित्येक वंशजांना त्या वाचता येत नाहीत. भाषा कानात राहिली, डोळ्यांपासून दुरावली.

परमुलखात मिसळल्याने त्यांची मराठी बुडाली नाही. उलट तमिळ नृत्य, कथा आणि ताट यांच्या संगतीने ती समृद्ध झाली. तिचे नुकसान झाले ते मुलांना तिची अक्षरे देणारी शाळा उरली नाही म्हणून. ‘बालबोध मुक्तावली’ छापणाऱ्या राजाला या शाळेचे मोल ठाऊक होते. साठ वर्षे मुलांच्या पाटीवर मराठी मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षी तंजावरची ही कहाणी माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ध्यानी घ्यावी, ती याचसाठी. घर भाषेला बोलते ठेवते. तिला वाचती ठेवण्याचे काम शाळेचे आहे.