मोटारीची दुसरी किल्ली

किल्ली हातांत असते तोंपर्यंत तिचें महत्त्व कोणाच्या मनांत येत नाहीं; ती हरवली म्हणजे मात्र कुलुपाचें खरें सामर्थ्य मालकाच्या प्रत्ययास येतें. चोराला बाहेर ठेवण्यासाठीं जें कुलूप बसविलें, तेंच आतां धन्यालाहि बाहेर ठेवतें; कारण धनी कोण आणि चोर कोण हें कुलुपाला समजत नाहीं, त्याला समजते ती फक्त किल्ली. घराच्या दाराचें कुलूप असें अडून बसलें तर तें फोडून बाजारांतून नवें आणतां येतें. पण ज्या मोटारीचा कारखानाच बंद पडला, तिचें कुलूप एकदां फोडलें म्हणजे तसेंच दुसरें मिळणें कठीण. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाला कुलुपापेक्षां किल्लीचीच चिंता अधिक.

या दुसऱ्या किल्लीचा इतिहास वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. हरवलेली किल्ली मालकाला सहज पुन्हां करून मिळावी, आणि तीच किल्ली परक्याला मुळींच करून मिळूं नये, अशा दोन परस्परविरुद्ध मागण्या मोटारी बांधणारांपुढें पहिल्यापासून उभ्या राहिल्या. एकीचें समाधान करावें तर दुसरी रुसते. गेल्या शंभर वर्षांत हें पारडें कधीं इकडे तर कधीं तिकडे झुकत आलें आहे.

कुलुपाची मूळ कल्पना फार प्राचीन. मिसर देशांत लांकडी कुलुपें होतीं; अडसरांत वरून खुंट्या पडत, आणि दाते असलेल्या लांकडी किल्लीनें त्या उचलल्या म्हणजे अडसर सरकवितां येई. पुढें धातूचीं कुलुपें आलीं व त्यांतील गुंतागुंत वाढत गेली. लंडनच्या जोसेफ ब्रामानें १७८४ सालीं आपल्या कुलुपाचें पेटंट घेतलें. पुढें तसलें एक कुलूप दुकानाच्या खिडकींत ठेवून, तें जो उघडील त्याला दोनशें गिनी देऊं, अशी पाटी त्यानें लावली. त्या कुलुपाचा गर्व १८५१ सालच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें उतरविला. पण त्यालाहि पन्नासांहून अधिक तास खपावें लागलें. आजच्या चपट्या किल्लीचा जनक मात्र अमेरिकेंतील धाकटा लायनस येल होय. १८६१ व १८६५ सालच्या आपल्या पेटंटांत त्यानें मिसरी खुंट्यांचीच कल्पना धातूच्या लहानशा नळींत बसविली आणि तिला एका कडेस खांचा असलेली चपटी किल्ली दिली. प्रत्येक खांच ठराविक खोलीची असेल तरच तिच्यावरची खिळी योग्य उंचीवर थांबते आणि नळी फिरते. मोटारींच्या कुलुपांत पुष्कळदां खिळ्यांच्या जागीं पातळ पत्र्या असतात; तत्त्व मात्र तेंच.

या चपट्या किल्लीमुळें एक महत्त्वाची गोष्ट घडून आली. किल्ली हा आतां केवळ धातूचा तुकडा राहिला नाहीं. ती एक संख्या झाली. समजा, किल्लीवर सहा जागा आहेत आणि प्रत्येक जागीं चार निरनिराळ्या मापांपैकीं एका मापाची खांच पाडावयाची आहे. मग ती सबंध किल्ली सहा आंकड्यांत लिहून ठेवतां येते, आणि अशा निरनिराळ्या किल्ल्या ४०९६ होऊं शकतात. सगळ्या खांचा सारख्याच असलेल्या कांहीं किल्ल्या वगळाव्या लागतात, हें खरें. तथापि नोंद शिल्लक असली म्हणजे किल्ली समुद्रांत पडली तरी बिघडत नाहीं. कारागीर नोंद पाहून कोऱ्या किल्लीवर तशाच खांचा पुन्हां पाडतो. व्यवहारांत मालकाजवळ खांचांची मापें नसून कारखान्याचा एक लहानसा क्रमांक असतो; त्या क्रमांकावरून मापें सांगणारीं कोष्टकें कुलूपवाल्यांच्या हातीं असतात. ही नोंद कोठें ठेवावी आणि कोणाला दाखवावी, हाच पुढें सर्व वादाचा विषय झाला.

आरंभींच्या मोटारींना पुष्कळदां किल्लीच नसे. पुढें उभें राहून दांडा फिरवावा तेव्हां यंत्र सुरू होई. चोरांपासून रक्षण म्हणून कोणी चाकाला सांखळी बांधी, तर कोणी यंत्राचा एखादा लहान भाग काढून खिशांत टाकी. चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत आला आणि मोटार सुरू करणें हें सोपें काम झालें. अर्थात् चोरालाहि तें तितकेंच सोपें झालें.

हेन्री फोर्डच्या 'टी' मॉडेलच्या गाड्या १९०८ पासून १९२७ पर्यंत सुमारें दीड कोट बाहेर पडल्या. १९१९ च्या सुमारास त्या गाडीला विजेचा स्टार्टर मिळाला, तेव्हां तिच्या स्विचाच्या किल्ल्यांना ५१ ते ७४ असे क्रमांक देण्यांत आले. म्हणजे लाखों गाड्यांना किल्ल्या अवघ्या २४ प्रकारच्या! शिवाय तो क्रमांक किल्लीवर कोरलेला असे, तसाच स्विचावरहि असे. किल्ली हरवलेल्या शेतकऱ्यानें दुकानांत जाऊन ६३ नंबरची किल्ली मागावी कीं काम झालें. पण ज्याच्या खिशांत २४ किल्ल्यांचा जुडगा, त्याला रस्त्यावरची प्रत्येक फोर्ड आपलीच! मालकाची सोय पुरी झाली. रक्षण मात्र नांवापुरतें उरलें. त्या काळीं अमेरिकेंत मोटारींच्या चोऱ्या इतक्या वाढल्या कीं, चोरलेली मोटार एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेणें हा १९१९ सालीं तेथील मध्यवर्ती सरकारनें स्वतंत्र गुन्हा ठरविला.

चोऱ्यांना आळा घालण्यासाठीं किल्ल्यांचे प्रकार वाढविणें भाग पडलें; परंतु क्रमांक कोठें ठेवावा याविषयीं मतभेद राहिला. इंग्लंडांतील कारखान्यांनीं मालकाची सोय पाहिली. बर्मिंगहॅमच्या विल्मॉट ब्रीडन कंपनीचीं कुलुपें असलेल्या १९५० नंतरच्या कित्येक गाड्यांत क्रमांक कुलुपाच्या तोंडावरच कोरलेला असे. किल्ली हरवली तरी गाडी आपण होऊन आपला क्रमांक सांगे. मात्र खिडकींतून डोकावणाऱ्या परक्यालाहि ती तोच सांगे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें निराळी युक्ति योजिली. किल्लीच्या माथ्यांत एक लहानशी चकती बसविलेली असे आणि क्रमांक त्या चकतीवर असे. मालकानें तो टिपून घ्यावा आणि चकती ठोकून काढून टाकावी. मग किल्ली क्षणभर दुसऱ्याच्या हातीं गेली तरी तिच्यावरून क्रमांक उतरून घेतां येत नसे. शिवाय गाडीबरोबर दोन किल्ल्या देत; एकीचा माथा गोल व दुसरीचा अष्टकोनी, म्हणजे अंधारांतहि बोटांना ओळख पटावी. गाडी उभी करणाऱ्या नोकराच्या हातीं एक द्यावी आणि सामानाच्या पेटीची दुसरी आपल्यापाशीं ठेवावी, हा त्यांतील हेतु.

या युक्तींत ग्यानबाची मेख होती ती अशी कीं, सर्व भार मालकाच्या वहीवर पडला. क्रमांक वहींत लिहिला जातो, वही माळ्यावर जाते, गाडी मुलाच्या व मग नातवाच्या हातीं येते, आणि क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो. चकती तर पन्नास वर्षांपूर्वींच फेंकून दिलेली!

क्रमांक नसला म्हणजे नकलेचा मार्ग उरतो. नक्कल करण्याच्या यंत्रांत एका पकडींत मूळ किल्ली व दुसरींत कोरी किल्ली धरतात. मूळ किल्लीच्या खांचांवरून एक टोंक सरकत जातें आणि त्याच्या बरोबरीनें फिरतें चाक कोऱ्या किल्लीवर तशाच खांचा पाडतें. काम अगदीं थोड्या वेळाचें. परंतु यंत्र जें दिसतें तेंच उतरतें. मूळ किल्ली वर्षानुवर्षें वापरून झिजलेली असली तर ती झीजहि नव्या किल्लींत उतरते. विद्यार्थ्यानें शेजाऱ्याची वही चुकांसकट उतरून काढावी, तिसऱ्यानें त्याची उतरावी, आणि प्रत्येकानें एखादी चूक पदरची घालावी, तशी नकलेच्या नकलेची गति होते. शेवटीं किल्ली कुलुपांत जाते, पण फिरत नाहीं. म्हणून जाणता कारागीर झिजलेल्या किल्लीची आंधळी नक्कल करीत नाहीं. तो प्रत्येक खांच मोजतो, मूळ माप कोणतें असावें तें ठरवितो आणि त्या मापानें नवी किल्ली पाडतो. अमेरिकेंतील कर्टिस नांवाचें पकडीसारखें हत्यार याच कामासाठीं आहे. गाडीच्या जातीप्रमाणें त्यांतील भाग बदलून ठराविक मापाच्या खांचा एकामागून एक पाडतां येतात. अशी किल्ली म्हणजे जुनीची नक्कल नव्हे, कारखान्यांतून निघालेल्या पहिल्या किल्लीचाच पुनर्जन्म होय.

आतां मूळ किल्ली नाहीं आणि क्रमांकहि नाहीं, असा प्रसंग आला तर काय करावें? आपल्याकडील मोटारमालकांना हा प्रश्न परका नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० बांधली जाई. तीच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघर माहीत झाली. तिचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं थांबलें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर २०१४ सालीं बंद पडली. ज्या घरांत या गाड्या अजून जपलेल्या आहेत, तेथें किल्ली हरवली तर धांवून येतो तो पदपथावर बसणारा किल्लीवाला. त्याची सामग्री म्हणजे कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, एक लहानशी पकड आणि दोन-तीन कानशी.

कुलूप सुटें करतां आलें तर प्रथम तो त्याच्या नळीवर क्रमांक कोरलेला आहे कीं काय हें पाहतो. तसें न साधल्यास तो कुलुपालाच बोलतें करतो. योग्य घडणीची कोरी किल्ली घेऊन तो तिची कड गुळगुळीत करतो, कधीं दिव्यावर धरून तिला काजळी चढवितो. ती कुलुपांत घालून, जोर देऊन किंचित् इकडेतिकडे हालविली म्हणजे आंतील ज्या पत्र्या अडतात त्या तिच्या कडेवर बारीक खुणा उमटवितात. खूण दिसेल तेथेंच कानशीचे दोन-चार हात मारावयाचे, पुन्हां किल्ली आंत घालावयाची, पुन्हां पाहावयाचें. जेथें खूण उमटेनाशी होते, तेथील खांच पुरी झाली असें समजावयाचें. एक हात अधिक पडला तर किल्ली वायां जाते. अखेर एका क्षणीं कुलूप फिरतें. या विद्येला कोष्टक लागत नाहीं. डोळा, बोट आणि धीर एवढेंच तिचें भांडवल.

परंतु या कारागिरालाहि कोरी किल्ली हवीच. पात्यावर लांबीभर ज्या खोबणी असतात त्या कुलुपाच्या तोंडाशीं जुळल्या नाहींत तर किल्ली आंतच शिरत नाहीं. १९६७ पासून जनरल मोटर्सनें ही घडण दर सालीं बदलण्यास आरंभ केला, आणि चार वर्षांनीं पहिली घडण पुन्हां येई. एका सालची किल्ली दुसऱ्या सालच्या गाडींत जाऊं नये, हा हेतु सफळ झाला. पण कुलूपवाल्याला प्रत्येक घडणीच्या कोऱ्या किल्ल्या बाळगणें भाग पडलें. जी घडण बाजारांतून नाहींशी झाली, तिची किल्ली करणें म्हणजे दुसऱ्या जातीची कोरी किल्ली अंगावर घांसून जुळती करणें.

यानंतर पारडें दुसरीकडे झुकलें. १९८६ सालच्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत विजेला विरोध करणारा एक लहानसा कण बसविण्यांत आला. त्याचे प्रकार पंधरा होते. खांचा जुळल्या पण कण जुळला नाहीं तर गाडी कांहीं मिनिटें रुसून बसे. पुढील दशकांत किल्लीच्या माथ्यांत इलेक्ट्रॉनिक चिप आली. ब्रिटनमध्यें तर ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना असा बंदोबस्त सक्तीचा झाला. चोराचें काम अवघड झालें, यांत शंका नाहीं. पण त्याबरोबर पदपथावरच्या कारागिराची कानसहि अपुरी ठरली. कारण खांचा बरोबर पडल्या तरी चिपची आणि गाडीची ओळख यंत्राकडून करून द्यावी लागते. म्हणून आज असा चमत्कार दिसतो कीं, १९६० सालच्या गाडीची किल्ली कानशीनें होते, आणि तिच्याहून चाळीस वर्षांनीं लहान असलेल्या गाडीची होत नाहीं. हीं नवीं यंत्रें जुनीं होऊन मोडींत निघालीं म्हणजे त्या गाड्यांच्या मालकांनीं कोणाकडे जावें, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठीं वाढून ठेवलेला आहे.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य किल्लीपेक्षां विश्वासाशीं अधिक जवळचें आहे. दुसरी किल्ली करूं शकणारा मनुष्य, इच्छा झाल्यास, तिसरीहि करूं शकतो. म्हणून गाडीचे कागद पाहिल्यावांचून कानस हातीं न धरणारा किल्लीवाला हाच कोणत्याहि कुलुपापेक्षां मोठा पहारेकरी होय. आणि मालकाचेंहि एक कर्तव्य आहे. किल्ली चांगली आहे तोंवरच तिचा क्रमांक शोधून तो गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवावा, आणि दुसरी किल्ली पहिली झिजण्यापूर्वींच करून घ्यावी. धातु झिजतो, किल्ली हरवते, कारखाने बंद पडतात. वहींत नीट लिहून ठेवलेला आंकडा मात्र नातवाच्याहि उपयोगीं पडतो.